ऑफिस घरी हलवताय? धंद्याचा फोन नंबर तोच ठेवायला काय करायचं, कोणाला जमतं, कागदपत्रं काय लागतात

आमचं टॅक्स आणि अकाउंटचं काम, पुण्यात टिळक रोडला भाड्याच्या गाळ्यात बरीच वर्षं ऑफिस होतं, मागच्या वर्षी ते कोथरूडला घरीच आणलं. सामान एका टेम्पोत आलं, पण खरा जीव अडकला होता तो लँडलाइनच्या नंबरात. पेठेतले एक काका आहेत, मोबाइल वापरतच नाहीत, आमचा नंबर त्यांनी देव्हाऱ्याशेजारच्या भिंतीवर पेन्सिलने लिहून ठेवलाय आणि दर जुलैला रिटर्नची वेळ आली की तिथून बघून फोन लावतात. नंबर बदलला असता तर त्यांना नवीन नंबर कोण सांगणार होतं? म्हणून सगळं नीट विचारून, फेऱ्या मारून केलं, आणि आता ऑफिस हलवणारे दोन-तीन क्लायंट रोज तेच विचारतात म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय.

आधी बघा नंबर कुठल्या प्रकारचा आहे. मोबाइल असेल तर टेन्शन जवळपास नाहीच, लँडलाइन असेल तर खरं काम तिथे आहे. आपल्याकडे पोर्टेबिलिटी म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलणं, हे फक्त मोबाइलला आहे, लँडलाइनला नाही. बरेच जण घरी आधी दुसऱ्याच कंपनीचं फायबर बसवून घेतात, वर्षाचे पैसे भरतात आणि मग विचारतात की ऑफिसचा जुना नंबर यावर येईल का. नाही येणार. तो नंबर ज्या कंपनीचा आहे त्याच कंपनीची लाइन घरी पोचत असेल तरच पुढची गोष्ट, म्हणून घरच्या नेटचे पैसे भरायच्या आधी हे विचारा.

दुसरी गोष्ट एसटीडी कोड. पुणे आणि पिंपरी-चिंचवड दोन्ही ०२०, म्हणजे टिळक रोडवरून वाकडला गेलात तरी कोड तोच. पण पुण्यातून साताऱ्याला गावच्या घरी ऑफिस नेताय तर तिथला कोड ०२१६२, नाशिक ०२५३, कोल्हापूर ०२३१, तिथे पुण्याचा लँडलाइन नंबर घेऊन जाता येत नाही. मुंबईवाल्यांनी हे नीट बघा, ठाणे ०२२ मध्येच येतं पण कल्याण-डोंबिवलीला ०२५१ लागतो, अंतर अर्ध्या तासाचं आणि नंबर मात्र जातो.

कोड तोच आहे पण एक्स्चेंज (आपल्या भागाची लाइन जिथून येते ते केंद्र) वेगळं, हा मधला प्रकार. त्याच एक्स्चेंजच्या हद्दीत घर असेल तर नंबर तोच राहायला सहसा अडचण येत नाही, दुसऱ्या एक्स्चेंजला जायचं असेल तर टेक्निकली शक्य आहे का हे तपासावं लागतं, त्याला ते लोक फिजिबिलिटी म्हणतात. ही फिजिबिलिटी गाळामालकाला नोटीस द्यायच्या आधी काढून घ्या, तोंडी नको, अर्जाची पोच घ्या. बीएसएनएलची जुनी तांब्याच्या तारेची लाइन असेल तर फायबरवर जाताना तोच नंबर ठेवता येतो. आमचं तसंच झालं, तार गेली, फायबरच्या मोडेमचा पांढरा डबा भिंतीवर आला, त्या डब्याला मागे फोनचं छोटं पोर्ट असतं त्यात ऑफिसचा जुना बटणांचा फोन लावला आणि नंबर तोच वाजला. डबा विजेवर चालतो हे मात्र विसरू नका, लाइट गेली की फोन पण गेला, छोटा यूपीएस घ्याच.

अर्ज म्हणजे शिफ्टिंगचा फॉर्म, तो कंपनीच्या ग्राहक सेवा केंद्रात मिळतो, बऱ्याच कंपन्यांच्या अॅपवर पण आहे. सोबत शेवटचं बिल आणि ते भरल्याची पावती (एक रुपया जरी बाकी असला तरी अर्ज पुढे सरकत नाही), ज्याच्या नावावर कनेक्शन त्याचं आधार किंवा पॅन, आणि नवीन पत्त्याचा पुरावा. पुरावा म्हणजे घरचं लाइट बिल, घरपट्टीची पावती, भाड्याचं घर असेल तर रजिस्टर केलेला लीव्ह अँड लायसन्स करार. घर बायकोच्या किंवा वडिलांच्या नावावर असेल, आपल्याकडे बहुतेक तसंच असतं, तर त्यांचं साध्या कागदावर संमतीपत्र आणि त्यांच्या नावाचं लाइट बिल. कनेक्शन फर्मच्या नावावर असेल तर लेटरहेडवर विनंती, शिक्का, पार्टनरशिप डीडची कॉपी आणि सही कोण करणार त्याचं अधिकारपत्र, प्रायव्हेट लिमिटेड असेल तर बोर्ड रेझोल्युशन.

इथेच आमचं घोडं अडलं होतं. कनेक्शन जुन्या पार्टनरशिपच्या नावावर, ती फर्म केव्हाच बंद झालेली, पार्टनर निवृत्त होऊन मुलाकडे गेलेले, आणि आम्ही इतकी वर्षं नुसतं बिल भरत राहिलो, वरचं नाव कधी वाचलंच नाही. आधी नाव बदलायचा अर्ज, त्याला पार्टनरची एनओसी (हरकत नसल्याचं पत्र) आणि डिसोल्युशन डीड (फर्म बंद केल्याचा करार), मग शिफ्टिंग. एनओसी यायला जेवढे दिवस लागले तेवढे आमचे वाया गेले. तुम्ही आत्ता उठा आणि बिलावर वर डाव्या बाजूला नाव कोणाचं आहे ते बघा, खरंच.

मधे गॅप पडत असेल, म्हणजे गाळा ३१ ला सोडायचा आणि घरी लाइन पंधरा दिवसांनी येणार, तर लाइन बंद करायचा अर्ज अजिबात देऊ नका. सेफ कस्टडी म्हणून सोय असते, नंबर तुमच्याच नावावर राखून ठेवतात, त्याचा अर्ज द्या. सरेंडर म्हणजे लाइन कायमची सोडणं, त्यात आणि सेफ कस्टडीत लोक गडबड करतात, सरेंडर केलेला नंबर परत मिळेल याची काहीच खात्री नसते.

आता मोबाइल. मोबाइलला पत्ता चिकटलेला नसतो, त्यामुळे फक्त घरी ऑफिस आणलं म्हणून पोर्ट करायची गरज नाही, पोस्टपेड असेल तर बिलिंगचा पत्ता बदलून घ्या, झालं. पण घरात त्या कंपनीची रेंज नाही, जिन्यात जाऊन बोलावं लागतं, असं असेल तर पोर्ट करा. पोर्टेबिलिटी देशभर २० जानेवारी २०११ पासून आहे आणि ३ जुलै २०१५ पासून सर्कल (मोबाइल सेवेसाठी देशाचे पाडलेले विभाग) बदलूनही नंबर ठेवता येतो. हे सर्कल प्रकरण आपल्यासाठी महत्त्वाचं कारण मुंबई वेगळं सर्कल आहे आणि गोवा महाराष्ट्राच्या सर्कलमध्ये येतं.

त्याच नंबरवरून १९०० ला मेसेज करायचा, इंग्रजी अक्षरांत पोर्ट, मग स्पेस, मग दहा आकडी नंबर. आठ अक्षरी कोड येतो, तो आपल्याकडे ४ दिवस चालतो, तेवढ्यात नवीन कंपनीच्या दुकानात जाऊन केवायसी करायचं. त्याच सर्कलमध्ये ३ कामाचे दिवस, सर्कल बदलत असेल किंवा कंपनीच्या नावावरचा कॉर्पोरेट नंबर असेल तर ५. विचार बदलला तर पोर्टचा अर्ज दिल्यापासून २४ तासांत १९०० लाच कॅन्सल असा मेसेज टाकता येतो.

कोड मिळत नाही तो कोणाला? नंबर घेऊन किंवा आधी पोर्ट करून ९० दिवस झाले नसतील, पोस्टपेडचं ड्यू डेट उलटलेलं बिल बाकी असेल, नाव बदलायचा अर्ज पेंडिंग असेल, कोर्टात वाद असेल, आणि १ जुलै २०२४ पासून अजून एक, मागच्या ७ दिवसांत सिम बदलून घेतलं असेल तर. हा शेवटचा नियम फ्रॉड थांबवायला आणलाय आणि चांगलाच आहे. कॉर्पोरेट नंबरला वरून फर्मचं ऑथरायझेशन लेटर लागतं, एका लेटरवर १०० पर्यंत नंबर चालतात. नोकरी सोडून स्वतःचं काम घरून सुरू करणाऱ्यांनी हे बघा, नंबर जुन्या कंपनीच्या नावावर असेल तर आधी तो स्वतःच्या नावावर करून घ्या आणि ते पूर्ण झाल्यावरच पोर्ट टाका, दोन्ही एकदम टाकलं तर पोर्ट रिजेक्ट होतो.

आमच्या धंद्यातला सल्ला, जीएसटीवाल्यांनी पोर्ट २० तारीख उलटल्यावर करा. ११ ला एक रिटर्न, २० ला दुसरं, ओटीपी त्याच नंबरवर, आणि सिम बदलताना काही तास नंबर बंद असतो, त्या दिवशी ओटीपीची वाट बघत बसायची वेळ नको. बँकेचं मोठं पेमेंट पण त्या दिवशी ठेवू नका.

तात्पुरतं कॉल फॉरवर्ड करून भागवू म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्या, *४०१# सारखा कोड डायल करून होणारं फॉरवर्डिंग १५ एप्रिल २०२४ पासून सरकारने बंद करायला सांगितलं, आता ते कसं करायचं हे आधी कंपनीला विचारून घ्या. १८०० वाला टोल फ्री असेल तर सगळ्यात सोपं, मागे तो ज्या नंबरवर उतरतो तो बदलायला कंपनीला लेटर द्यायचं, लोकांना कळतही नाही तुम्ही कुठे बसलाय.

फोन मार्गी लागला की पत्ता. जीएसटीत धंद्याची मुख्य जागा बदलली की १५ दिवसांत आरईजी-१४ (नोंदणीतली माहिती बदलायचा फॉर्म) भरायचा, इथेही तेच लाइट बिल आणि संमतीपत्र चालतं म्हणून दोन-तीन कॉपी जास्त काढून ठेवा. राज्यच बदललं, समजा पुण्यातून पणजीला गेलात, तर आरईजी-१४ ने भागत नाही, गोव्याचं नवीन रजिस्ट्रेशन लागतं आणि पोस्टपेड बिलावर पत्ता आणि जीएसटी नंबर दोन्ही नवीन टाकून घ्या, नाहीतर फोन बिलावर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट घेताना घोळ होतो. उद्यम (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) आणि गुमास्ता (दुकान-ऑफिसची नोंदणी) यांवर पण नवीन पत्ता टाका. गूगलवर मात्र घरचा पत्ता दिसू द्यायची गरज नाही, प्रोफाइलमध्ये पत्ता लपवून फक्त सेवा कुठल्या भागात देता ते दाखवता येतं, नंबर जुनाच ठेवा. आम्ही तसंच ठेवलंय आणि ह्या जुलैत काकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, संध्याकाळी टिळक रोडला कागद घेऊन येतो, तेव्हा त्यांना घरचा पत्ता सांगितला.