मठाचं झालेलं घर आणि मठासारखं बांधलेलं घर: न्यूस्टेड आणि फॉन्टहिल

इंग्लंडमधल्या कित्येक खानदानी घरांच्या नावात ‘अ‍ॅबी’, म्हणजे मठ, असतं. त्यामुळे जुन्या मठाचं घर कुठलं आणि मठाची नक्कल कुठली, यात हमखास गल्लत होते. नॉटिंगहॅमशायरचं न्यूस्टेड आणि विल्टशायरचं फॉन्टहिल शेजारी ठेवली की फरक कळतो. न्यूस्टेडला बाराव्या शतकापासून ऑगस्टिनियन पंथाचे धर्मगुरू राहत होते. आठव्या हेन्रीने मठ बरखास्त केले तेव्हा, १५४० साली, ते सर जॉन बायरनकडे गेलं. फॉन्टहिलमध्ये मात्र एकही मठवासी कधी राहिला नाही. जमैकातल्या मळ्यांचा मालक विल्यम बेकफर्ड याने वास्तुविशारद जेम्स वायटकडून १७९६ पासून ते नव्याने बांधून घेतलं.

टोकदार कमानी, रंगीत काचा, कोरीव दगड यांवरून ओळख पटत नाही, कारण ते सगळं दोन्हीकडे होतं. आधी नकाशा बघावा. खऱ्या मठात चर्च पूर्व-पश्चिम लांबट असतं आणि त्याच्या एका अंगाला, बहुधा दक्षिणेला, ओवऱ्यांनी वेढलेला चौक असतो. चौकाच्या पूर्वेला खाली सभागृह आणि वर निजायचं लांब दालन, चर्चच्या समोरच्या बाजूला भोजनगृह, पश्चिमेला कोठारं आणि पाहुण्यांच्या खोल्या.

अशा मठाचं घर करताना पहिला बळी चर्चचा जायचा. घरात त्याचा उपयोग नसे, आणि छपरावरचं शिसं राजाच्या मालकीचं म्हणून उतरवून वितळवलं जाई. शिसं गेलं की पाणी आत शिरतं, वासे कुजतात आणि भिंती ढासळतात. म्हणून अस्सल मठघराच्या एका बाजूला चर्चची रिकामी जागा सापडते. न्यूस्टेडला चर्चची तेराव्या शतकातली पश्चिम दर्शनी भिंत घराला लागून उभी आहे. तिच्या मोठ्या खिडकीतून पलीकडचं आकाश दिसतं, मागे नुसती हिरवळ. विल्टशायरच्याच लॅकॉक या दुसऱ्या मठघरात घराची दक्षिण भिंत म्हणजे पाडलेल्या चर्चची उत्तर भिंत आहे. छायाचित्रणाच्या जनकांपैकी एक असलेल्या हेन्री फॉक्स टॅल्बटने १८३० च्या सुमारास तिथल्या लांब दालनाला बाहेर काढलेल्या खिडक्या बसवल्या आणि १८३५ मध्ये त्यांतल्याच एका खिडकीचं छोटंसं निगेटिव्ह काढलं.

चर्च गेल्यावर उरलेल्या इमारतीत राहणं सोपं नव्हतं. तळमजला दगडी, कमानदार छताचा आणि ओलसर असल्यामुळे तिथे कोठारं नि नोकरांची कामं, आणि मालक वरच्या मजल्यावर. मठात शेकोटीच्या जागा अगदी मोजक्या असत. प्रत्येक शयनगृहाला शेकोटी द्यायची तर धुराड्यासाठी जुनी भिंत फोडावी लागे, आणि भार नीट पेलला गेला नाही तर खालच्या कमानीला तडा जाई. शिवाय खोल्या एकीतून दुसरीत उघडणाऱ्या. ही अडचण न्यूस्टेडला ओवऱ्यांच्या डोक्यावर वरच्या मजल्याचे बोळ काढून सोडवली आहे. खालच्या ओवऱ्या तशाच राहिल्या, आणि वर प्रत्येक खोलीला स्वतंत्र वाट मिळाली. माझ्या मते अख्ख्या घरात याहून शहाणं काम नाही.

फॉन्टहिलची मांडणी चौकाभोवती नव्हती, मनोऱ्याभोवती होती. मधे अष्टकोनी दालन आणि त्याला चार बाजूंना चार हात, पण लांब दालनं उत्तर-दक्षिण, म्हणजे चर्चच्या रीतीला आडवी. मनोरा सुमारे २७६ फुटांचा. खऱ्या चर्चचा मधला मनोरा तळापासून त्या भारासाठी घेतलेल्या जाड खांबांवर उभा असतो. इथे घाईघाईने लाकडी सांगाड्यावर सिमेंटचा गिलावा चढवला गेला आणि १८०० मधल्या वादळात मनोरा पडला. पुन्हा उभारला, तरी पाया त्या उंचीला पुरेसा नव्हताच. बेकफर्डने १८२२ मध्ये घर जॉन फार्कर याला विकलं. बंगालमध्ये बंदुकीची दारू करून गबर झालेला हा माणूस. २१ डिसेंबर १८२५ रोजी मनोरा कोसळला आणि घराचा मोठा भाग घेऊन गेला. आज उत्तरेकडचा थोडा भाग शिल्लक आहे.

फॉन्टहिल बांधण्यामागचा आणि न्यूस्टेड सावरण्यामागचा पैसा मात्र एकाच मुळाचा, जमैकातल्या उसाच्या मळ्यांवर गुलामांनी उपसलेल्या कष्टांचा. सर जॉनच्या वंशातल्या कवी लॉर्ड बायरनने १८१७ मध्ये न्यूस्टेड ९४,५०० पौंडांना थॉमस वाइल्डमनला विकलं. या वाइल्डमनचे वडील बेकफर्डचे वकील होते, आणि बेकफर्डचा क्वेबेक नावाचा मळा पुढे वाइल्डमन घराण्याकडे आला होता.

वाइल्डमनने वास्तुविशारद जॉन शॉ याच्याकडून पडायला आलेलं घर सावरलं, पण त्यामुळेच अस्सल मठातही फसायची सोय झाली. सर्वात जुना भासतो तो ससेक्स मनोरा. गोल कमानींचा नॉर्मन (अकराव्या-बाराव्या शतकातला) थाट बघून तो मठाच्या स्थापनेचाच वाटतो, पण बांधलाय वाइल्डमनने, आपल्या ओळखीतल्या ड्यूक ऑफ ससेक्सच्या नावाने. उलट मठाचं सभागृह आज घरातलं प्रार्थनामंदिर आहे. तिथलं रंगकाम एकोणिसाव्या शतकातलं असल्यामुळे ते नवं वाटतं, पण खांब नि छत मध्ययुगीन आहेत. म्हणून अशा घरात प्रत्येक भाग वेगळा तपासावा: तो चौकाच्या जुन्या रेषेवर बसतो का, की कोपऱ्याला चिकटवलेला आहे? दगडाचे थर शेजारच्या भिंतीत गुंतलेत, की मधे सरळ उभा सांधा दिसतो? तसा सांधा दिसला तर दोन्ही भाग एका वेळचे नाहीत.