वहीत न चढलेली चोरी

अमळनेर तालुक्यात माझ्या मामांचं शेत आहे. २०२२ च्या डिसेंबरात, गव्हाला पाणी द्यायच्या दिवसांत, विहिरीवरची केबल रात्रीतून कापून नेली. सकाळी मामा मोटर चालू करायला गेले तर स्टार्टरपाशी हातभर तुकडा लोंबत होता आणि बांधापलीकडे जाळलेल्या प्लास्टिकचा काळा ढीग पडला होता. वरचं आवरण जाळून तांबं तेवढं नेलेलं. शेजारच्या तीन विहिरींवरही त्याच रात्री हेच झालं होतं.

चौघांपैकी पोलीस ठाण्यात गेले एकटे मामा. मी सोबत होतो. समोरच्या अंमलदारांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अर्ज देऊन जा, चौकशी करू." अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच मिळाली. गुन्हा दाखल झाला नाही. बाकीचे तिघं आलेच नाहीत. "तठे जाईसन दिन वाया जाई," असं त्यांतले एक जण म्हणाले, आणि त्यांचं चुकत नव्हतं; गहू पाण्यावाचून थांबत नाही. संध्याकाळपर्यंत त्यांनी नवी केबल ओढली होती.

मी संख्याशास्त्र शिकवतो. चार चोऱ्या झाल्या आणि त्या वर्षीच्या गुन्हेगारीच्या आकड्यात एकही चढली नाही, ही गोष्ट तेव्हापासून माझ्या डोक्यातून गेलेली नाही. जिल्ह्यात गुन्हे वाढले की घटले, याची बातमी दरवर्षी येते. ती वाचताना आपण जे मोजलं गेलं असं समजतो आणि प्रत्यक्षात जे मोजलं जातं, त्यांत फार अंतर आहे.

पर्जन्यमापकाचं उदाहरण घेऊ. आपल्याकडे शेतकऱ्याला ते समजावून सांगावं लागत नाही. पाऊस पडतो शिवारभर, मोजला जातो महसूल मंडळाच्या ठिकाणी ठेवलेल्या एका भांड्यात. भांड्यावर झाडाची फांदी आली तर पाऊस तेवढाच पडतो, आकडा मात्र कमी येतो. गुन्ह्यांच्या बाबतीत हे भांडं म्हणजे ठाण्यातली नोंद. तिथपर्यंत पोचायला तीन दारं ओलांडावी लागतात: लुटल्या गेलेल्या माणसाला ठाण्यात जावंसं वाटलं पाहिजे, तिथं त्याची फिर्याद घेतली गेली पाहिजे आणि ती योग्य कलमाखाली लिहिली गेली पाहिजे. मोबाइल चोरीला गेला असताना कागदावर 'गहाळ' लिहिलं गेलं की चोरी संपली. 'गहाळ' हा शब्द आपल्याकडच्या किती चोऱ्या पोटात घेऊन बसला असेल!

पहिल्या दाराशी किती लोक परत फिरतात याचा एक पक्का आकडा आपल्या देशातच आहे. २०१९ ते २०२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या बायकांना विचारलं गेलं की मदत मागितली का. मागितली म्हणणाऱ्या होत्या सुमारे १४ टक्के. ७७ टक्के बायकांनी मदत तर मागितली नाहीच, पण कुणाजवळ बोलल्याही नाहीत. मदत म्हणजे इथं बहुतेक वेळा माहेर किंवा शेजारपाजार. पोलीस त्याच्याही पुढे. म्हणून जगात अनेक ठिकाणी ठाण्याच्या वहीवर विसंबून न राहता घरोघरी जाऊन विचारतात: गेल्या वर्षात तुमच्याकडे चोरी झाली का, मारहाण झाली का, तक्रार दिली का? अमेरिकेत हे १९७३ पासून चालू आहे, इंग्लंड-वेल्समध्ये १९८२ पासून. आपल्याकडे असं देशव्यापी, दरवर्षीचं सर्वेक्षण नाही. माझ्या मते आपल्या गुन्हे-आकडेवारीतली ही सगळ्यात मोठी पोकळी आहे.

दुसरं दार कायद्यानं केव्हाच उघडं केलं आहे. दखलपात्र, म्हणजे पोलिसांना वॉरंटशिवाय अटक करता येते अशा, गुन्ह्याची माहिती मिळाली की गुन्हा नोंदवणं बंधनकारक आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं ललिता कुमारी खटल्यात नोव्हेंबर २०१३ मध्ये दिला. मग ते अडतं कुठं? आकड्यानंच अडतं. दर महिन्याला जिल्ह्याची क्राइम मीटिंग होते, त्यात मागच्या वर्षीच्या याच महिन्याशी तुलना होते, आणि ज्या ठाण्यात गुन्हे 'वाढले' त्या प्रभारी अधिकाऱ्याला उत्तर द्यावं लागतं. डोनाल्ड कॅम्पबेल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९७० च्या दशकात हे सूत्र मांडलं: एखाद्या आकड्यावर माणसांची पारख होऊ लागली की तो आकडाच बिघडू लागतो. हा खानदेशचा दोष नाही. इंग्लंडमध्ये २०१४ साली तपासणी झाली तेव्हा पोलिसांना कळवलेल्या गुन्ह्यांपैकी १९ टक्के नोंदलेच गेले नव्हते. त्याच वर्षी तिथल्या सांख्यिकी प्राधिकरणानं पोलीस-नोंदींच्या आकडेवारीचा 'राष्ट्रीय सांख्यिकी' हा दर्जा काढून घेतला. स्वतःच्या आकड्यांबद्दल एवढं उघड बोलणारी व्यवस्था मला मनापासून आवडते.

याचा उलटा अर्थ तितकाच महत्त्वाचा आहे. एखाद्या ठाण्याला चांगला अधिकारी मिळाला, त्यानं 'अर्ज देऊन जा' हे वाक्य बंद केलं, की त्या ठाण्याचे गुन्हे कागदावर भराभर वाढतात. गुन्हा वाढणं वेगळं आणि गुन्ह्याची नोंद वाढणं वेगळं, हे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग आपल्या अहवालात स्वतः बजावतो. बातमीत ते वाक्य येत नाही, आणि वाढलेल्या आकड्याची शिक्षा चांगल्या अधिकाऱ्याला होते.

तिसरं दार म्हणजे मोजणीचे नियम, आणि इथं मला जरा थांबायचं आहे. एकाच फिर्यादीत अनेक गुन्हे असले तर राष्ट्रीय अहवालात त्यातला सर्वांत गंभीर तेवढा मोजतात. चोरी करताना खून झाला, तर खून मोजला जातो, चोरी त्यात विरते. हा नियम वर्षानुवर्षं तोच असल्यामुळे निदान तुलना तरी टिकते. नियमच बदलला की तीही गेली. १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले आणि पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीची चोरी अदखलपात्र झाली, म्हणजे तिचा तसा गुन्हा नोंदला जात नाही. उद्या चोरीचा आलेख खाली उतरलेला दिसला तर त्यातला काही उतार चोरांनी नव्हे, या ओळीनं घडवलेला असेल.

मुलांच्या अपहरणाचा आकडा हे त्याहून बोलकं उदाहरण. मे २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आदेश दिला की मूल हरवल्याची तक्रार आली की अपहरण किंवा तस्करी झाली असं गृहीत धरून गुन्हा नोंदवायचा. आदेश अत्यंत योग्य होता, कारण त्यामुळे शोध लगेच सुरू होतो. पण तेव्हापासून रागावून सुरतेला निघून गेलेला मुलगा, लग्नासाठी पळालेली सतरा वर्षांची मुलगी आणि खरोखर पळवून नेलेलं बाळ हे सगळे 'अपहरण' याच रकान्यात बसतात. आकडा वर जातो, आणि बाहेरून बघणाऱ्याला त्यात टोळ्या दिसतात.

१ जुलै २०१८ रोजी साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात काय झालं ते आपल्याला माहीत आहे. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, असे मेसेज मोबाइलवर फिरत होते. त्या आठवडे बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी जमावानं मारून टाकले. उघडी आकडेवारी असती तर तो जमाव थांबला असता, असा दावा मी करणार नाही. पण अफवा पहिल्यांदा गावात येते त्या दिवशी गावच्या शिक्षकाच्या, पोलीस पाटलाच्या, सरपंचाच्या हातात काय असतं? आपल्या ठाण्याच्या हद्दीत गेल्या सहा महिन्यांत किती मुलं हरवली, किती घरी परतली, अनोळखी माणसानं पळवल्याचं एकही प्रकरण आहे का, हे दाखवणारा एक कागद त्यांच्या हाती असता तर बोलायला आधार मिळाला असता. देशाचा वार्षिक अहवाल येतो तो वर्ष-दोन वर्षांनी. अफवेला एक रात्र पुरते.

आणि राईनपाड्यासारखी घटना तरी आकड्यात कशी दिसते? एका फिर्यादीत नोंदलेल्या पाच जणांच्या खुनाची नोंद होते: घटना १, बळी ५. जमावानं मारलं, अफवेवरून मारलं, हे त्या रकान्यातून कळत नाही. २०१७ च्या अहवालासाठी झुंडबळींची माहिती गोळा करूनही ती विश्वासार्ह नाही म्हणून छापली गेली नाही. पाच किंवा जास्त जणांनी जात, भाषा, जन्मस्थान अशा कारणावरून मिळून केलेल्या खुनाला कायद्यात स्वतंत्र पोटकलम मिळालं ते १ जुलै २०२४ ला, राईनपाड्यानंतर बरोबर सहा वर्षांनी, त्याच तारखेला.

भटक्या माणसावर आधी संशय, ही सवय जुनी आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं अख्ख्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. तो रद्द झाला १९५२ साली. ज्याच्यावर सतत नजर असते त्याच्या नावावर नोंदी जास्त चढतात, आणि नोंदी जास्त म्हणून नजर आणखी वाढते. दारूबंदी आणि जुगाराच्या केसेस हे याचं आजचं रूप. तिथं फिर्यादी पोलीसच असतात. महिनाभर छापे घातले तर गुन्हे वाढतात, बंदोबस्तात मनुष्यबळ गेलं तर घटतात. हातभट्टी आहे तिथंच असते. हा आकडा छाप्यांचा आहे, दारूचा नव्हे.

आता 'खून ४० टक्क्यांनी वाढले' या मथळ्याकडे येऊ. समजा एखाद्या जिल्ह्यात वर्षाला सरासरी ३६ खून होतात. परिस्थिती काडीमात्र न बदलताही हा आकडा दरवर्षी ३६ येणार नाही. अशा विरळ घटनांचं गणित फ्रेंच गणिती प्वासाँ यानं १८३७ साली मांडलं, आणि तेही फौजदारी-दिवाणी निकालांच्या संभाव्यतेवर लिहिताना. सरासरीचं वर्गमूळ काढा: ३६ चं ६. त्याच्या दुप्पट, म्हणजे १२ ने मागे-पुढे, २४ ते ४८ पर्यंतची हालचाल निव्वळ योगायोगानं होऊ शकते. मागच्या वर्षी ३० आणि यंदा ४२ झाले तर वाढ ४० टक्के, तरी तेवढ्यावरून काही बदललं असं छातीठोक म्हणता येत नाही. एका ठाण्याच्या हद्दीत सरासरी चार खून असतील तर पुढच्या वर्षी सात होणं किंवा एक होणं, दोन्हींतून फारसं काही कळत नाही. पाच-सात वर्षांची रांग समोर हवी. भागाकारातही गोम आहे: दर लाखामागचा दर काढायला २०११ च्या जनगणनेवरून अंदाजलेली लोकसंख्या वापरतात. नंदुरबारमधली हजारो कुटुंबं ऊसतोडीला गेलेली असतात, तरी कागदावर ती घरीच असतात.

मग उपाय काय? नोंद बिघडू शकते म्हणून ती झाकायची नाही, सगळ्यांसमोर ठेवायची. सप्टेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आदेश दिला की संवेदनशील प्रकरणं वगळता प्रत्येक प्रथम खबर अहवाल (एफआयआर) २४ तासांत, दुर्गम भागात फार तर ७२ तासांत, संकेतस्थळावर टाकावा. महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर जिल्हा, ठाणं आणि तारीख निवडून ते बघता येतात. ही मोठी सोय आहे. पण एकेक कागद उघडून वाचणं निराळं आणि ठाणेनिहाय, महिनावार तक्ता हाती असणं निराळं. मंडळनिहाय पाऊस रोज ऑनलाइन दिसतो. ठाणेनिहाय चोऱ्या महिन्यातून एकदा तरी दिसाव्यात, एवढंच माझं मागणं आहे.

उघडेपणाची एक मर्यादा मात्र मनापासून पाळली पाहिजे. इंग्लंड-वेल्समध्ये २०११ पासून गल्लीनिहाय गुन्ह्यांचा नकाशा लोकांना दिसतो. तिथं घटना नेमक्या घरावर दाखवत नाहीत. ज्याच्या भोवती किमान आठ पत्ते आहेत अशा ठरावीक बिंदूवर ती सरकवतात. धडगावकडे सातपुड्यातल्या एखाद्या पाड्यात आठ घरं म्हणजे अख्खा पाडा. तिथं 'अत्याचार १' असं लिहिलं की ती बाई कोण हे सगळ्यांना कळलं. म्हणून आपल्याकडे ठाण्याच्या खाली उतरू नये, आणि अशा गुन्ह्यांचे आकडे वर्षाचे एकत्र द्यावेत.

अन्याय पोलिसांकडूनच झाला तर जायला जागा आहे. पोलीस सुधारणांबद्दलच्या प्रकाश सिंह खटल्यातल्या २००६ च्या निकालानंतर महाराष्ट्रानं २०१४ च्या कायद्यात राज्य आणि विभाग पातळीवर पोलीस तक्रार प्राधिकरणाची तरतूद केली. खानदेशचे तिन्ही जिल्हे नाशिक विभागात येतात. ठाण्यांत कॅमेरे बसवून चित्रण शक्यतो १८ महिने जपावं, हा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश डिसेंबर २०२० चा. केबलच्या चोरीला मात्र यातलं काही लागत नाही. तिथं दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज पुरतो आणि उत्तराला मुदत तीस दिवसांची. तपासाचे कागद मागितले तर नकार येऊ शकतो. नुसती संख्या मागितली तर कुठल्या तपासाला बाधा येणार?

मामांच्या अर्जाची पोच अजून सातबारा-पासबुकाच्या पिशवीत आहे. तिच्यावर तारीख आहे, शिक्का आहे, आवक क्रमांक आहे. माझ्या अर्जात मी तोच महिना घातला आहे: डिसेंबर २०२२ मध्ये या ठाण्यात चोरीचे लेखी अर्ज किती आले, आणि त्यांपैकी किती अर्जांवर गुन्हे दाखल झाले?