गर्दी वेगळी, गिऱ्हाईक वेगळं

धारूरच्या डोंगरात माझ्या मावसभावाची सीताफळाची बाग आहे. दोन वर्षांपूर्वी, दसऱ्याच्या तोंडावर, त्यानं एक रील टाकली. फार काही नव्हतं तीत. पहाटेचं धुकं, डोळे उघडलेलं फळ, आणि अंगठ्यानं हळूच दाबून त्यानं केलेले फळाचे दोन भाग. आतला पांढरा गर दिसला की व्हिडिओ संपायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचा. चौथ्या दिवशी त्याचा फोन आला. "ताई, सहा लाख व्ह्यूज झाले बघ! आता व्यापाऱ्याच्या दारात जायचं कामच नाही."

त्या आठवड्यातलं सगळं फळ बीडच्या मोंढ्यावर गेलं. भाव व्यापाऱ्यानं सांगितला तोच.

रीलखाली तीनेकशे कमेंट होत्या. "भाव काय?", "कुठं मिळेल?", "इंदूरला पाठवता का?", "दुबईत मिळेल का भाऊ?" सीताफळ तोडल्यावर तीन-चार दिवसांत पिकतं आणि मग एक दिवसही थांबत नाही. दुबई राहू द्या, इंदूरला पाठवायचीही त्याची काही सोय नव्हती. पुण्या-संभाजीनगरचे फोन आले ते तोडणी चालू असताना, आणि फोन खोपीत खुंटीला टांगलेल्या पिशवीत. संध्याकाळी त्यानं बघितलं तेव्हा एकवीस मिस्ड कॉल होते. कोण कुठला, किती फळं पाहिजेत, काहीच कळायला मार्ग नव्हता.

ही चूक त्याच्या एकट्याची नाही. बचत गटांच्या बैठकांना जाते तिथं पहिला प्रश्न हाच येतो, "ताई, व्हिडिओ व्हायरल कसा करायचा ते सांगा." ऑनलाइन मार्केटिंग म्हणजे व्हायरल होणं, असंच सगळ्यांनी धरून ठेवलंय. दोन्ही गोष्टी त्याच मोबाइलवर आणि बऱ्याचदा त्याच व्हिडिओनं होतात, त्यामुळं घोटाळा होणारच. पण व्हायरल व्हिडिओ अनोळखी माणसांपर्यंत एकदा जातो. सोशल नेटवर्कवर धंदा उभा करायचा तर ओळखीच्या माणसांपर्यंत पुन्हा पुन्हा जावं लागतं. पहिल्यात गर्दी मिळते, दुसऱ्यात गिऱ्हाईक.

अनोळखी माणसाच्या हातात रील जाते ती ॲपनं नेली म्हणून. ॲप कशावरून ठरवतं? इन्स्टाग्रामचे प्रमुख ॲडम मोसेरी यांनी २०२५ च्या जानेवारीत तीन गोष्टी सगळ्यांत महत्त्वाच्या म्हणून सांगितल्या: लोक रील किती वेळ बघतात, बघणाऱ्यांपैकी किती जण लाइक करतात आणि किती जण ती दुसऱ्याला पाठवतात. त्यातही आपल्याला फॉलो न करणाऱ्यांपर्यंत जायचं असेल तर पाठवण्याचं वजन जास्त. या तिन्हींत 'हा माणूस माल घेऊ शकतो का' हे कुठंच विचारलेलं नाही. फळ उकलताना बघायला इंदूरच्या माणसालाही बरं वाटतं, तो बहिणीला पाठवतो, ती मैत्रिणीला. ॲपच्या दृष्टीनं काम झालं. आपलं अजून सुरूही झालेलं नसतं.

आकडाही नीट वाचायला शिकावं लागतं. व्ह्यूज म्हणजे माणसं नव्हेत. एकानं रील पाच वेळा पाहिली तर पाच व्ह्यूज. यूट्यूब शॉर्ट्सवर तर ३१ मार्च २०२५ पासून व्हिडिओ नुसता सुरू झाला तरी व्ह्यू धरतात. किती खात्यांपर्यंत गेली ते 'रीच'मध्ये दिसतं, आणि कुठल्या शहरांत बघितली गेली तेही तिथंच सापडतं. भावानं ते पान कधी उघडलंच नव्हतं. आम्ही दोघांनी ओट्यावर बसून ते बघितलं. पहिल्या पाच शहरांत मराठवाड्यातलं एकही नाव नव्हतं. पुणं तेवढं होतं, चौथ्या नंबरला.

पुढचं सगळं त्या चौथ्या नंबरावर उभं राहिलं, म्हणून ते जरा सविस्तर सांगते.

धारूर-बीड भागातून पुण्याला रोज ट्रॅव्हल्स जातात. डिकीत क्रेट टाकलं की सकाळी वाघोलीला उतरतं. घरोघरी पोचवायची गरज नाही, एका सोसायटीतला एक माणूस चार घरांचं उचलतो. भावानं जुन्या कमेंटमधून पुण्याची माणसं शोधली आणि एकेकाला निरोप टाकला. निम्म्यांनी उत्तर दिलं नाही. ज्यांनी दिलं त्यांना एकच विनंती केली, "माझा नंबर सेव्ह करा."

ही विनंती सगळ्यात मोलाची. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये, म्हणजे एकच निरोप एकदम अनेकांना धाडायच्या यादीत, २५६ जण बसतात, पण ज्यानं तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच निरोप पोचतो. म्हणजे ती यादी आपोआपच चाळून निघते. ज्याला नको आहे तो त्यात राहत नाही. ग्रुप काढू नका असं मी सांगते. ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो, सकाळच्या फुलांच्या फोटोंखाली आपला निरोप बुडतो आणि निवडणूक आली की भांडणं. ब्रॉडकास्टचा निरोप ज्याला त्याला स्वतंत्र जातो, घरच्या माणसानं पाठवल्यासारखा.

त्याचा पहिला निरोप मी जपून ठेवलाय. "राम राम. उद्या पहाटे तोडणी. दहा क्रेट पुण्याला टाकतोय, परवा सकाळी वाघोली. फळ कडक येईल. तांदळाच्या डब्यात ठेवा, दोन दिवसांनी खा. पैसे आधी." खाली क्रेटमध्ये गवत अंथरतानाचा फोटो. ना गाणं, ना इफेक्ट. त्या फोटोला कोणी व्हायरल म्हणणार नाही, पण दहाही क्रेट रात्रीतून बुक झाले. फळ कधी खायचं ते आधीच सांगितल्यामुळं तक्रारही आली नाही. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालंय. ते लोकांना रीलमधून कळलं असतं की नाही, मला शंका आहे. क्रेटमधल्या चिठ्ठीतून मात्र कळलं.

फॉलोअर आणि सेव्ह झालेला नंबर यांतला फरक आपल्याकडच्या कितीतरी पोरांनी अंगावर सोसलाय. २९ जून २०२० ला सरकारनं ५९ ॲपवर बंदी घातली, त्यात टिकटॉक होतं. गावागावांतली पोरं तिथं लाखो फॉलोअर घेऊन बसली होती. एका रात्रीत सगळं गेलं. जुलैत इन्स्टाग्रामनं रील्स आणल्या, सप्टेंबरमध्ये यूट्यूबनं शॉर्ट्स आणले, पण सगळ्यांना पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागली. फॉलोअर ॲपच्या ताब्यात असतात. नंबर तुमच्या वहीत राहतो. म्हणून मी प्रत्येक गटाला सांगते, महिन्यातून एकदा ती यादी कागदावर उतरवा. नाव, गाव, काय घेतलं, कधी घेतलं.

मग व्हायरल होणं वायाच का? मुळीच नाही. अमेरिकेत मार्च २०१२ मध्ये डॉलर शेव्ह क्लब नावाच्या नव्या कंपनीचा व्हिडिओ पसरला. दाढीची पाती विकणारी कंपनी. ४८ तासांत सुमारे १२,००० ऑर्डर आल्या, वेबसाइटही कोसळली. ती गोष्ट इथंच थांबवून सांगतात. पण ऑर्डर दिलेला प्रत्येक माणूस महिन्याच्या वर्गणीवर होता. एकदा आला की दर महिन्याला पाती घरी जाणार. गर्दी आली त्या दिवशी वही उघडी होती. २०१६ साली युनिलिव्हरनं ती कंपनी सुमारे १०० कोटी डॉलरला घेतली, ती त्या गिऱ्हाइकांसाठी. एका व्हिडिओसाठी एवढे पैसे कोण देतो?

आपल्याकडं व्हायरल व्हिडिओ थेट उपयोगी पडतो तो माणूस स्वतः चालून येतो अशा धंद्याला. हुरड्याचंच घ्या. डिसेंबर-जानेवारीत रानात आगटी पेटलेली, गोवऱ्यांच्या आरात कणसं, तळहातावर चोळलेला हिरवा हुरडा, शेजारी शेंगदाण्याची चटणी आणि गूळ. हा व्हिडिओ संभाजीनगरच्या माणसानं शनिवारी बघितला की रविवारी तो गाडी काढतो. इथं पाच हजार व्ह्यूज जवळच्या लोकांचे असले तरी पुरतात. फक्त व्हिडिओतच सांगावं की आधी फोन केल्याशिवाय येऊ नका. पन्नास माणसांची सोय असताना तीनशे आली तर कणसं संपतात, लेकरं उपाशी राहतात आणि संध्याकाळपर्यंत गूगल मॅपवर एक तारा चिकटतो. व्हिडिओ आठवडाभरात विसरला जातो, तो तारा पुढच्या हंगामातही दिसतो.

तूरडाळ, चटण्या, पापड, हळद असला वर्षभराचा माल असेल तर मात्र मी आधी यादी आणि मग रील असंच सांगेन. डाळ दर महिन्याला लागते, त्यामुळं लातूरच्या डाळीला साठ घरं नक्की मिळाली तर साठ हजार व्ह्यूजची आस धरायची गरज नाही. बूस्टचं बटण दाबून, म्हणजे पैसे देऊन रील जास्त लोकांना दाखवायची असेल तर त्यातही माल जिथं पोचवता येतो तेवढाच भाग निवडा, आणि जाहिरात दाबली की थेट व्हॉट्सॲप उघडेल असं ठेवा.

रील कधी फुटेल ते कुणाच्याच हातात नसतं. तयारी आधी करून ठेवता येते. व्हॉट्सॲप बिझनेस या धंद्यासाठीच्या वेगळ्या ॲपमध्ये पहिला निरोप आला की आपोआप उत्तर जाईल असं लावून ठेवता येतं, त्यात गाव आणि पिनकोड विचारा. प्रोफाइलवर व्हॉट्सॲपची लिंक द्या. भाव आणि कुठवर पाठवता ते पहिल्याच कमेंटमध्ये लिहून वर पिन करा. आलेल्यांना गावाप्रमाणे लेबल लावा. हे सगळं अर्ध्या तासाचं काम आहे, तोडणीच्या दिवशी मात्र त्याला वेळ मिळत नाही.

भावाची ती जुनी रील अजून फिरते. परवा तिच्याखाली सोलापूरच्या एकानं विचारलं, "भाव काय दादा?" पूर्वी भाव लिहून मोकळा व्हायचा. आता त्यानं विचारलं, "सोलापुरात कुठं राहता? धारूरहून एसटी किती वाजता निघते ते बघून सांगतो." आणि वहीत नवं पान काढून वर गावाचं नाव लिहिलं.