जी-सेन्सरची चाचणी

मोटारगाडीच्या ब्रेक प्रणालीतील त्वरण संवेदक, म्हणजे गॅरेजच्या भाषेत जी-सेन्सर, बिघडला आहे की नाही हे ठरवण्याची तपासणी. गाडीचा वेग किती झपाट्याने घटतो किंवा वाढतो हे हा संवेदक मोजतो. 'जी' हे गुरुत्वीय त्वरणाचे एकक. त्याचे मूल्य सुमारे ९.८ मीटर प्रतिसेकंद वर्ग.

एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाके जखडू न देणारी प्रणाली, चाकांच्या फिरण्यावरून गाडीचा वेग ताडते. चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणाऱ्या गाडीत मात्र चाके एकमेकांशी जोडलेली असतात. बर्फावर ती चारही एकदम थांबू लागली, तर गाडी घसरत असूनही तिचा वेग उतरल्याचा भास प्रणालीला होतो. म्हणून चाकांवर अवलंबून नसलेली मोजणी लागते. पूर्वी त्यासाठी पाऱ्याचे स्विच वापरत; पुढे सिलिकॉनचे सूक्ष्म संवेदक आले.

एबीएसचा दिवा लागला की साधे ब्रेक सहसा चालू राहतात, पण चाके जखडण्यापासूनचे संरक्षण जाते. स्कॅनरवर, म्हणजे गाडीच्या संगणकातील नोंदी वाचणाऱ्या यंत्रावर, जी-सेन्सरचा दोष-कोड दिसला, तरी लगेच सेन्सर बदलणे घाईचे ठरते. तुटलेली तार, गंजलेला कनेक्टर, सैल अर्थिंग किंवा ढिला बोल्ट यांनीही तोच कोड येऊ शकतो. त्यामुळे आधी व्होल्टेज आणि अर्थिंग तपासावे.

पुढची पायरी फार सुंदर आहे, कारण तिथे मोजमापाचे प्रमाण खुद्द पृथ्वी पुरवते. सुटा, व्होल्टेजच्या रूपात संदेश देणारा सेन्सर जागेवरून काढून, कनेक्टर जोडलेला ठेवून, मल्टिमीटर लावतात. सपाट धरल्यावर व्होल्टेज मधल्या मूल्यावर असते. ५ व्होल्टच्या सेन्सरमध्ये बहुधा अडीचच्या आसपास. पुढे ९० अंश कलवला की एक 'जी'चा फरक पडतो, मागे कलवला की तेवढाच उलट दिशेने. ३० अंशांवर बरोबर निम्मा. हळूहळू कलवताना आकडा अडखळला, किंवा हललाच नाही, तर दोष सेन्सरमध्येच आहे. अचूक मूल्ये त्या गाडीच्या दुरुस्ती-पुस्तिकेतूनच घ्यावीत.

काही गाड्यांत हा सेन्सर एअरबॅगच्या नियंत्रकात असतो. तो वीजपुरवठा चालू असताना काढून कलवणे धोक्याचे आहे. एअरबॅग फुटू शकते. अशा वेळी, आणि सेन्सर कॅन जाळ्यावरून (गाडीतील नियंत्रकांना जोडणाऱ्या संदेश-जाळ्यावरून) बोलत असेल तेव्हाही, स्कॅनरवरील चालू आकडेच पाहावेत. सपाट जागी उभ्या गाडीत ते शून्याजवळ हवेत. मोकळ्या जागेत ब्रेक दाबताच ते बदलून गाडी स्थिरावल्यावर पुन्हा शून्यावर यायला हवेत. स्कॅनर दुसऱ्या माणसाने पाहावा, चालकाने नव्हे.

सेन्सर बदलल्यावर अनेक गाड्यांत शून्य नव्याने शिकवावे लागते, तेही सपाट जमिनीवर. सहा अंशांच्या उतारावर उभ्या गाडीत हे केले, तर सुमारे ०.१ 'जी'ची चूक कायमची नोंदली जाते आणि नवाकोरा सेन्सर सदोष वाटू लागतो.