चावलेली जीभ आणि आलेलं तोंड

जेवताना गप्पांच्या नादात जीभ चावली जाते. दोन दिवसांनी आरशात पाहावं तर तिथे पांढरट-पिवळा डाग. घरात लगेच निदान होतं, "तोंड आलंय, उष्णता झालीय." मग गुलकंद, सब्जा, बी-कॉम्प्लेक्सची कॅप्सूल. चावलेल्या जखमेला यातलं काहीच लागत नाही, ती आपली आपण भरते आणि श्रेय कॅप्सूलला जातं. उलटा प्रकार जास्त वाईट. दर महिन्या-दोन महिन्यांनी ज्याचं तोंड येतं तो दर वेळी "चावलं असेल" म्हणत राहतो आणि रक्त तपासायचं राहूनच जातं.

सगळा घोळ त्या पांढऱ्या थराचा. हातापायाच्या जखमेवर कोरडी खपली धरते. तोंडात सदैव लाळ, त्यामुळे तिथे फायब्रिन नावाच्या प्रथिनाचा मऊ थर बसतो. तोंड आल्यावरही तोच. तो पू नव्हे, कापसाने किंवा ब्रशने खरवडून काढायचा नसतो. लहान मुलांच्या बाबतीत हे फार होतं. दातासाठी भुलीचं इंजेक्शन दिलं की दोन-तीन तास ओठ बधिर राहतो, मूल गंमत म्हणून तो चावत बसतं, आणि दुसऱ्या दिवशी सुजलेला पांढरा ओठ पाहून आईबाप "इन्फेक्शन झालं" म्हणून धावत येतात. खरं इन्फेक्शन असेल तर सूज आणि ठणका दिवसागणिक वाढतो, ताप येतो, तोंडाला घाण वास सुटतो. भुलीनंतर मुलाला बधिरपणा जाईपर्यंत खायला न देणं आणि त्याच्यावर नजर ठेवणं, एवढ्याने हे टळतं.

तेव्हा डागाच्या रंगावर जाऊ नका, सुरुवात कशी झाली ते आठवा. चावल्याचा क्षण लक्षात राहतो, कळ येते, रक्त येतं. जखम बहुधा एकच, वेडीवाकडी, दाताच्या समोर. तोंड येतं ते रक्ताशिवाय. आधी एक-दोन दिवस चुरचुर, मग गोल किंवा लंबगोल खळगा, भोवती लाल कडं, पुष्कळदा एकाहून जास्त. ओठाच्या नि गालाच्या आत, जिभेखाली, जिभेच्या कडेला ते येतं. जिभेच्या वरच्या खरखरीत भागावर किंवा टाळूच्या कडक भागावर सहसा येत नाही. तिथे काही दिसलं तर गरम चहाचा चटका किंवा पापडाचं टोक आठवून पाहावं. एक गुंता मात्र आहे: ज्यांना वारंवार तोंड येतं त्यांच्यात बारीकशी चावही त्याच जागी नवा व्रण उठवू शकते. अशा वेळी दोन्ही खरं असतं.

चावलेल्या जिभेतून रक्त भरपूर येतं, कारण जिभेला रक्तपुरवठाच तसा दांडगा आहे. घाबरून चूळ भरत बसू नये, त्याने गोठलेलं रक्त धुऊन जातं. पुढे वाकून बसायचं, रक्त गिळायचं नाही (पोटात गेलं की उलटी होते), स्वच्छ कापडाने जखम दहा-पंधरा मिनिटं सलग दाबून धरायची. मधेमधे उचलून पाहायचं नाही. मग बर्फ चोखावा. जीभ भरून येते झपाट्याने, म्हणून लहान, न फाकलेल्या चिरेला टाके घालत नाहीत. जखम एक सेंटिमीटरहून मोठी आणि फाकलेली असेल, जिभेची कडा दुभंगली असेल, तुकडा लोंबत असेल, आरपार गेली असेल किंवा दाबूनही रक्त थांबत नसेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. टाके विरघळणारे घालतात. पडून दात तुटला असेल तर त्याचा तुकडा ओठात रुतलेला नाही ना, हेही पाहून घ्यायला सांगा. रस्त्यावर किंवा मैदानात पडून जखम झाली असेल तर धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारावं. तोंडात ब्रश, पेन्सिल किंवा कुल्फीची काडी असताना मूल पडलं आणि टाळूच्या मागच्या बाजूला लागलं, तर रक्त थांबलं तरी डॉक्टरांना दाखवा, कारण तिथून मोठी रक्तवाहिनी फार लांब नसते.

घरी मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या, मऊ भात, थंड ताक पुरे. मध लावायचा तर एक वर्षाखालच्या बाळाला नाही. तोंड आल्यावर लावायची स्टेरॉइडची पेस्ट ताज्या जखमेवर लावू नये, भरणं लांबतं. त्या पेस्टची जागा तोंड येण्यात आहे, तीही डॉक्टरांनी दिल्यावर. साधं तोंड येणं एक ते दोन आठवड्यांत बरं होतं. वरचेवर होत असेल तर हिमोग्लोबिन, लोह, बी-१२ आणि फोलेट तपासावं. शाकाहारी घरांत बी-१२ची कमतरता नवलाची नाही. फेस आणणारं सोडियम लॉरिल सल्फेट नसलेली टूथपेस्ट काहींना मानवते. जाईचा पाला चावून थुंकायला माझी हरकत नाही, पण तो रक्ततपासणीची जागा घेत नाही.

झोपेतून उठल्यावर जिभेची कड चावलेली आणि अंग मोडून आलेलं असेल, तर ती रात्री आलेली फिट असू शकते, आणि अशी जखम तोंड आलं म्हणून सोडून देता येत नाही. फिट चालू असताना जीभ वाचवायला तोंडात चमचा घालू नये, दात तुटतात. कांदा नि चप्पल हुंगवूनही काही होत नाही. माणसाला कुशीवर वळवावं.

दोन-तीन आठवडे उलटूनही न भरणारा व्रण चावणं आणि तोंड येणं या दोन्हींत बसत नाही. कडा टणक, बोटाला घट्ट लागणारा, पुष्कळदा न दुखणारा, आणि माणूस तंबाखू, मिश्री किंवा सुपारीचा. जिभेच्या कडेला असेल तर "टोकेरी दाढ लागतेय" असं रुग्ण सांगतो, आणि ते खरंही असू शकतं. दातांचे डॉक्टर दाढ घासून गुळगुळीत करतात आणि दोन आठवड्यांनी पुन्हा बोलावतात. व्रण भरला तर दोष दाढेचा होता, नाहीतर बायप्सी, म्हणजे कर्करोग नाही ना हे पाहायला व्रणाचा बारीक तुकडा काढून तपासणं.