कोहेनचा 'डार्कर' आणि कोहेनचा 'डान्स': दोन्हीला 'शेवटचा अल्बम' म्हणू नका

परत कुणीतरी लिहिलंय की कॅनडाचा कवी-गायक लेनर्ड कोहेन याचा 'यू वाँट इट डार्कर' तो गेल्यावर आला. नाही हो! तो आला 21 ऑक्टोबर 2016 ला आणि कोहेन गेला 7 नोव्हेंबरला, मधे सतरा दिवस आहेत. गेल्यावर आला तो 'थँक्स फॉर द डान्स', तब्बल तीन वर्षांनी, नोव्हेंबर 2019 मधे.

'डार्कर' तुम्ही ऐकलेलाच असणार. पाठीचं दुखणं, ऐंशी ओलांडलेलं वय, म्हणून लॉस एंजेलिसच्या घरातच खुर्चीत बसून गायला, आणि मागे माँट्रियलच्या त्यांच्या घराण्याच्या सिनेगॉगचा (ज्यूंच्या प्रार्थनास्थळाचा) कॉयर, म्हणजे गायकवृंद. दोन्ही अल्बममधे नऊ-नऊ ट्रॅक, दोन्हीत तोच तळाला गेलेला आवाज, दोन्हीवर प्रोड्यूसर म्हणून मुलाचं, अ‍ॅडमचं नाव. गोंधळ होतो तो इथूनच.

पण खरा फरक एकच आहे, गाणं पूर्ण झालं असं म्हणालं कोण? कोहेन म्हणजे एकेक गाणं वर्षानुवर्षं घासत बसणारा माणूस, आणि 'डार्कर' त्याने स्वतः ऐकून, पटल्यावर बाहेर सोडलाय. 'डान्स'मधे शब्द त्याचे, आवाज त्याचा, पण त्याने मागे ठेवलं होतं ते बरंचसं नुसतं कवितेसारखं बोललेलं, कुठे फार तर जुजबी साथ. त्याभोवतीचं संगीत अ‍ॅडमने तो गेल्यावर रचलं, वर्षानुवर्षं दौऱ्यांत साथ केलेल्या हाविएर मासला बोलावून कोहेनच्याच गिटारवर वाजवून घेतलं, बेक, फाइस्ट, जेनिफर वॉर्न्स अशी गाणारी-वाजवणारी माणसं जोडली. म्हणजे ओळ संपल्यावर गिटार किती वेळ थांबते, कोरस कुठे शिरतो, हे सगळं मुलाने ठरवलंय, त्यामुळे त्या साथीवरून 'बघा शेवटी कोहेन कसा शांत झाला होता' असं लिहिणं साफ चूक आहे, ती शांतता अ‍ॅडमची आहे.

आणि उलटी चूक, 'उरलंसुरलं गोळा करून विकलं', याचा मला त्याहून जास्त राग येतो. अ‍ॅडमने सांगितलंय की हे पूर्ण कर असं वडिलांनीच सांगितलं होतं. हां, सगळं नवं नव्हतं, 'थँक्स फॉर द डान्स' हे गाणं गायिका अंजनी थॉमसच्या 2006 च्या अल्बममधे आधीच आलेलं. पण म्हणून ते उरलेलं होत नाही. माझ्यापुरता कोहेनचा शेवटचा अल्बम 'डार्कर'च, 'डान्स' बापलेकाचा आहे आणि मी तो तसाच ऐकतो.

फक्त 'डान्स'चा शेवटचा ट्रॅक, हमिंगबर्डवरचा, हेडफोन लावून ऐका. ऑक्टोबर 2016 मधे 'डार्कर'साठी पत्रकारांसमोर बसला असताना कोहेनने एक छोटी नवी कविता म्हणून दाखवली होती. अ‍ॅडमने तिथलाच आवाज उचललाय.