वेर्निके–कोर्साकॉफ विकार

थायामिन, म्हणजेच ब१ जीवनसत्त्व, फार कमी पडल्याने होणारा मेंदूचा विकार. तो बहुतेक वेळा वर्षानुवर्षे भरपूर दारू पिणाऱ्यांत आढळतो. झपाट्याने उद्भवणाऱ्या पहिल्या अवस्थेला वेर्निके मस्तिष्कविकार म्हणतात. तिच्यावर वेळेत उपचार झाले नाहीत तर मागे राहणारा स्मृतिनाश म्हणजे कोर्साकॉफ विकार.

जर्मन वैद्य कार्ल वेर्निके यांनी १८८१ मध्ये तीन रुग्णांचे वर्णन केले. दोघे दारूच्या आहारी गेलेले पुरुष होते. तिसरी होती सल्फ्युरिक आम्ल पोटात गेल्यापासून सतत उलट्या होणारी तरुणी. या विकाराचे मर्म तिच्यात आहे, कारण तिच्या आजाराचा दारूशी संबंध नव्हता. पोटात अन्न ठरत नव्हते. रशियन मनोविकारतज्ज्ञ सेर्गेई कोर्साकॉफ यांनी १८८७ पासून स्मृतिनाशाच्या रुग्णांवर लिहिले. दोन्ही अवस्थांमागे थायामिनचाच अभाव आहे, हे विसाव्या शतकात स्पष्ट झाले.

ग्लुकोजपासून ऊर्जा मिळवायला मेंदूला थायामिन लागते. शरीरात त्याचा साठा जेमतेम ३० मिलिग्रॅमच्या आसपास असतो आणि पुरवठा थांबला तर काही आठवड्यांत तो संपतो. दारू या साठ्यावर अनेक बाजूंनी घाला घालते: पिणाऱ्याचे जेवण सुटते, आतड्यातून थायामिन नीट शोषले जात नाही आणि खराब झालेल्या यकृताला ते साठवता येत नाही. सर्वाधिक झळ बसते ती मेंदूच्या मधोमध असलेल्या थॅलॅमस या भागाला आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या मॅमिलरी पिंडांना. वाटाण्याएवढे हे दोन पिंड आठवणींच्या मार्गावरच आहेत. याखेरीज दारूचा थेट मारा मेंदूच्या पुढच्या भागावर, लहान मेंदूवर आणि पायांच्या नसांवर होतो, तो वेगळाच.

वेर्निके अवस्थेची तीन लक्षणे सांगितली जातात: मनाचा गोंधळ, चालताना तोल जाणे आणि डोळ्यांच्या हालचालींत बिघाड. डॉक्टरांनी समोर धरलेले बोट बाजूला नेले की रुग्णाची बुबुळे थरथरतात किंवा तिकडे पूर्ण वळतच नाहीत. पण ही तिन्ही लक्षणे एकत्र थोड्याच रुग्णांत दिसतात. बडबड, झोकांड्या, गुंगी पाहून ‘जास्त झाली आहे, झोपू द्या’ असे म्हणणे घरच्यांना स्वाभाविक वाटते, आणि नेमका त्यातच उपचाराचा मोलाचा वेळ जातो. दारू उतरण्याइतका वेळ गेला तरी भ्रम आणि तोल सुधारत नसतील, तर ती नशा समजू नये. रुग्णाला ताबडतोब रुग्णालयात न्यावे.

कोर्साकॉफ अवस्थेत बोलणे, वागणे बऱ्याच अंशी शाबूत असते, पण नवे काही मनात टिकत नाही. डॉक्टर खोलीबाहेर जाऊन पाच मिनिटांनी परतले, तर रुग्ण त्यांना पहिल्यांदाच भेटत असल्यासारखा नमस्कार करतो. आठवडाभर खाटेवर असलेला माणूस ‘सकाळी कामावर जाऊन आलो’ असे तपशीलवार सांगतो. तो खोटे बोलत नसतो. आठवणीतली पोकळी मेंदू आपसूक भरून काढतो आणि ते त्याला खरेच वाटते. हे ठाऊक नसल्याने नातेवाईक त्याला लबाड ठरवतात. त्याच्या वाट्याला आलेला हा मोठाच अन्याय.

उपचार साधा आणि स्वस्त आहे: शिरेतून मोठ्या मात्रेत थायामिन. आतड्यातले शोषणच बिघडलेले असल्याने सुरुवातीला गोळ्या पुरत नाहीत. थायामिनशिवाय नुसती ग्लुकोजची सलाईन लावली तर उरलासुरला साठाही खर्ची पडू शकतो, म्हणून थायामिन ग्लुकोजच्या आधी किंवा सोबतच देतात. डोळ्यांची हालचाल अनेकदा काही तासांत ते दिवसांत सुधारते, तोल सावकाश सावरतो. स्मृती मात्र पुष्कळांची अर्धवटच परतते. त्यासाठी दारू पूर्ण बंद आणि पोटभर सकस जेवण, दोन्ही लागतात.

ऑस्ट्रेलियात १९९१ पासून ब्रेडच्या पिठात थायामिन मिसळणे सक्तीचे झाले. त्यानंतर तेथे शवविच्छेदनात या विकाराच्या खुणा पूर्वीपेक्षा कमी मेंदूंत आढळू लागल्या.